चढत्या मीटरचे गणित : नेवाडातील व्हिडिओ पोकर आणि जॅकपॉटच्या शिकाऱ्यांचा इतिहास

जुगाराच्या यंत्रांचा इतिहास हा बहुतांशी झाकून ठेवलेल्या गणिताचा इतिहास आहे. यंत्रासमोर बसलेल्या माणसाला आपण लावलेल्या पैशापैकी सरासरी किती परत येणार हे समजू नये, अशीच त्या यंत्रांची घडण असते. या नियमाला विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेवाडा राज्यात एक ठळक अपवाद निर्माण झाला, तो व्हिडिओ पोकरचा. या यंत्राचे गणित कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन मांडता येत होते, आणि त्याला चढत्या जॅकपॉटची जोड मिळाल्यावर ते तासागणिक बदलूही लागले. त्या बदलावर नजर ठेवून उपजीविका करणारा खेळाडूंचा एक लहानसा वर्ग १९८० च्या दशकात उदयाला आला. त्यांनी कॅसिनोला हरवले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु या व्यवसायाचा इतिहास बारकाईने पाहिला तर त्यांच्या कमाईचा उगम कॅसिनोच्या तिजोरीत नव्हे, तर त्याच यंत्रावर आधी खेळून गेलेल्या सामान्य खेळाडूंच्या खिशात होता, असे दिसून येते.

पोकर आणि यंत्र यांचा संबंध एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधील सिटमन आणि पिट या कारखानदारांनी १८९१ च्या सुमारास पाच पिंपांचे एक यंत्र बाजारात आणले, ज्याच्या प्रत्येक पिंपावर दहा पत्ते चिकटवलेले असत. पाच सेंटचे नाणे टाकून दांडा ओढला की पिंपे फिरून थांबत आणि पाच पत्त्यांचा एक हात समोर येई. पत्त्यांच्या पूर्ण कॅटमध्ये ५२ पाने असतात, पण येथे जागा ५० पत्त्यांचीच असल्याने दोन पाने गाळावी लागत, आणि ती बहुधा इस्पिकची दश्शी व बदामाचा गुलाम ही असत. एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का असे पाच पत्ते एकत्र येणे म्हणजे रॉयल फ्लश, पोकरमधील सर्वांत मोठा हात. वरील दोन पाने गाळल्यावर चारपैकी दोन रॉयल फ्लश अशक्यच होऊन बसत. यंत्रातला पोकर हा खऱ्या पोकरपेक्षा वेगळा आणि मालकाच्या सोयीचा असतो, ही परंपरा अशी पहिल्याच यंत्रापासून सुरू झाली. ही यंत्रे स्वतः पैसे देत नसत. जिंकणाऱ्याला दुकानदार गल्ल्यावरून सिगार किंवा पेय देई, कारण पाच पत्त्यांच्या असंख्य जुळण्या ओळखून त्यानुसार नाणी मोजून देणारी यंत्रणा त्या काळच्या चाके आणि खाचा यांच्या तंत्राला झेपणारी नव्हती. बव्हेरियातून आलेला सॅन फ्रान्सिस्कोचा कारागीर चार्ल्स फे याने शतकाच्या शेवटी ‘लिबर्टी बेल’ हे तीन चाकांचे यंत्र केले, त्यात चिन्हे मोजकी ठेवल्यामुळे नाणी आपोआप देणे शक्य झाले, आणि पुढील पाऊणशे वर्षे बाजारावर या चाकांच्या यंत्रांचेच, म्हणजे स्लॉट मशीनचेच, राज्य राहिले.

पोकरला यंत्रात पुन्हा मानाची जागा मिळाली ती मायक्रोप्रोसेसरमुळे. पाच पत्ते कोणते, त्यांत जोडी आहे की सलग पाने, हे क्षणात तपासणारी स्वस्त चिप १९७० च्या दशकात उपलब्ध झाली आणि दूरचित्रवाणीचा पडदा तर घरोघरी पोहोचलेलाच होता. फॉर्च्यून कॉइन या कंपनीने १९७६ साली पडद्यावर चाके फिरवणारे व्हिडिओ स्लॉट यंत्र तयार केले. मात्र पडद्यावरच्या पत्त्यांना बाजारपेठ मिळवून दिली ती मिसिसिपीत जन्मलेल्या विल्यम ‘साय’ रेड या विक्रेत्याने. रेड हे बॅली या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य यंत्र-उत्पादक कंपनीचे नेवाडातील वितरक होते. बॅलीला पडद्यावरच्या खेळांत फारसे भवितव्य दिसत नव्हते, म्हणून कंपनीपासून वेगळे होताना रेड यांनी त्या यंत्रांचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्यांच्या ‘सिरकोमा’ कंपनीने १९७९ साली ‘ड्रॉ पोकर’ हे यंत्र आणले, आणि हीच कंपनी पुढे इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी, म्हणजेच आयजीटी, या नावाने जगातील सर्वांत मोठ्या यंत्र-उत्पादकांपैकी एक झाली.

या खेळाची रीत सोपी आहे. पाच पत्ते दिसतात, खेळाडू त्यांपैकी हवे ते राखतो, उरलेल्यांच्या जागी उरलेल्या कॅटमधून नवे पत्ते येतात, आणि शेवटचा हात देय-तक्त्यात असेल तर त्याप्रमाणे नाणी मिळतात. देय-तक्ता म्हणजे कोणत्या हाताला किती नाणी हे सांगणारी, यंत्राच्या दर्शनी भागावरच छापलेली सारणी. सुरुवातीच्या यंत्रांवर किमान दोन जोड्या जमल्याशिवाय काहीच मिळत नसे, त्यामुळे खेळाडूचे पैसे झपाट्याने संपत आणि तो उठून जाई. गुलाम किंवा त्याहून मोठ्या पानांच्या एका जोडीवर लावलेली रक्कम परत देण्याची सोय झाल्यावर खेळ लांबू लागला आणि यंत्र लोकप्रिय झाले. ‘जॅक्स ऑर बेटर’ या नावाने ओळखला जाणारा हाच प्रकार पुढील सर्व प्रकारांचा पाया ठरला.

या यंत्राचे गणित उघडे पडण्यामागे दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली म्हणजे छापलेला देय-तक्ता, आणि दुसरी म्हणजे नेवाडाच्या नियामकांनी घातलेली अट, की पत्ते किंवा फासे यांसारख्या प्रत्यक्ष खेळांचे चित्रण करणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटमध्ये असते तितकीच असली पाहिजे. चाकांच्या यंत्रांना ही अट लागू नव्हती. इंगे टेलनेस यांना १९८४ साली मिळालेल्या पेटंटमुळे तर डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावरील चिन्हे आणि संगणकाने प्रत्यक्षात निवडलेली स्थाने यांचा संबंधच तुटला, आणि चाकाकडे कितीही वेळ पाहिले तरी परतावा काढणे अशक्य झाले. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र ५२ पत्ते, त्यांतून निघणारे २५,९८,९६० हात आणि समोरचा तक्ता एवढी सामग्री पुरेशी होती. नियमात राहून बांधलेले यंत्र आपली किंमत स्वतःच सांगत होते.

ही किंमत कशी वाचली जाई हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. जॅक्स ऑर बेटरच्या ज्या यंत्रावर फुल हाउसला, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी पाने जमल्यास, एका नाण्यामागे ९ नाणी मिळत आणि फ्लशला, म्हणजे पाचही पाने एकाच रंगाची आल्यास, ६ नाणी मिळत, त्याला खेळाडू ‘नऊ-सहा’ म्हणत. निर्दोष खेळ केल्यास आणि प्रत्येक वेळी पाच नाणी लावल्यास या यंत्राचा दीर्घकालीन परतावा ९९.५४ टक्के येतो. हेच आकडे ८ आणि ५ केले की परतावा ९७.३० टक्क्यांवर उतरतो. बाकी तक्ता तोच, पडदा तोच, पत्तेही तेच, तरी केवळ दोन ओळींतील एकेका नाण्याच्या फरकाने कॅसिनोचा वाटा जवळजवळ सहापट होतो. पाच नाणी लावण्याचा आग्रहही याच तक्त्यातून येतो, कारण एक ते चार नाण्यांवर रॉयल फ्लशला नाण्यामागे २५० मिळतात, तर पाच नाण्यांवर एकदम ४,०००, म्हणजे नाण्यामागे ८०० मिळतात.

याच रॉयल फ्लशच्या बक्षिसाला चढता केले की प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट तयार होतो. एका रांगेतली किंवा वर्तुळात मांडलेली अनेक यंत्रे एकमेकांना जोडलेली असतात, प्रत्येक डावातील ठरावीक हिस्सा, उदाहरणार्थ एक टक्का, सामाईक मीटरमध्ये जमा होतो, आणि डोक्यावरच्या फलकावर तो आकडा चढत राहतो. पाव डॉलरच्या, म्हणजे क्वार्टरच्या, यंत्रावर हा आकडा १,००० डॉलरपासून सुरू होई, आणि कोणाला तरी रॉयल फ्लश लागला की ती रक्कम देऊन मीटर पुन्हा १,००० वर येई. सोळा यंत्रांच्या रांगेत प्रत्येक जण तासाला ६०० डाव खेळत असेल, तर दर डावाला सव्वा डॉलर या हिशेबाने तासाला १२,००० डॉलर यंत्रांत पडतात आणि एक टक्क्याच्या दराने मीटर १२० डॉलरने चढते. अशा रांगांवर कॅसिनो बहुधा ‘आठ-पाच’चा कमी तक्ताच लावत, म्हणजे फलकावरच्या मोठ्या आकड्याची किंमत खालच्या दोन ओळींतून आधीच वसूल होत असे.

येथूनच रणनीतीचा इतिहास सुरू होतो. आठ-पाच यंत्रावर कॅसिनोचा वाटा २.७० टक्के असेल, तर तो भरून निघण्यासाठी रॉयल फ्लशचे बक्षीस किती वाढले पाहिजे, हा प्रश्न सरळ अंकगणिताचा आहे. योग्य खेळात रॉयल फ्लश साधारणपणे ४०,००० डावांत एकदा येतो. त्यावरून, आणि मोठ्या बक्षिसासाठी खेळण्याची पद्धत थोडी बदलली जाते हे जमेस धरून, क्वार्टरच्या यंत्रावर मीटर सुमारे २,२०० डॉलरला पोहोचले की खेळ बरोबरीचा होतो, आणि त्यापुढचा प्रत्येक डॉलर खेळाडूच्या बाजूने जातो. ब्लॅकजॅकवरील लेखनासाठी आधीच प्रसिद्ध असलेले, स्टॅनफर्ड वाँग हे टोपणनाव घेतलेले जॉन फर्ग्युसन यांनी १९८८ साली ‘प्रोफेशनल व्हिडिओ पोकर’ हे पुस्तक काढले, आणि त्याचा रोख नेमका या आठ-पाच प्रोग्रेसिव्ह यंत्रांवर होता. विमान आणि अवकाश उद्योगातून निवृत्त झालेले अभियंते लेनी फ्रोम यांनी त्याच सुमारास लास व्हेगासमध्ये निरनिराळ्या यंत्रांसाठी पत्ते राखण्याचे तक्ते छापून सामान्य खेळाडूंच्या हाती दिले. मोजक्या जाणकारांच्या वहीत असलेले गणित या लेखकांमुळे पुस्तकांच्या दुकानात आले.

मीटर चढले की खेळ नेमका कसा बदलतो, हे एका हातावरून पाहता येते. समजा, खेळाडूच्या समोर इस्पिकचे राजा, राणी आणि गुलाम, बदामाचा गुलाम आणि चौकटची चव्वी अशी पाच पाने आली. नेहमीच्या बक्षिसाला दोन गुलाम राखणे हितावह असते, कारण ती जोडी लावलेले पैसे लगेच परत देते आणि तिच्यात वाढ होण्याची शक्यताही असते. तिचे सरासरी मोल लावलेल्या रकमेच्या दीडपट आहे. इस्पिकची तीन पाने राखून दोन नवी मागितली, तर उरलेल्या ४७ पानांतून दोन पानांच्या १,०८१ जोड्या संभवतात, आणि त्यांतली फक्त एक, इस्पिकचा एक्का व दश्शी, रॉयल फ्लश देते. बक्षीस नाण्यामागे ८०० असताना हा नाद परवडत नाही. पण तेच १,७५० झाले की या एका जोडीचे मोल ९५० ने वाढते, त्याचा १,०८१ वा भाग म्हणजे जवळजवळ ०.८८ इतकी भर पडते, आणि पारडे स्पष्टपणे इस्पिकच्या तीन पानांकडे झुकते. म्हणून जाणता खेळाडू हातात आलेली जोडी मोडून टाकतो. शेजारी बसलेल्या माणसाला हा वेडेपणा वाटे, परंतु मीटरच्या त्या आकड्याला दुसरी निवड चुकीची ठरत असे.

हे ज्ञान मात्र एकट्या माणसाला फारसे उपयोगी नव्हते. ४०,००० डावांचे सरासरी अंतर म्हणजे तासाला ६०० डावांच्या वेगाने ६० तासांहून अधिक खेळ. आणि सरासरी म्हणजे हमी नव्हे, कारण तेवढे डाव खेळूनही रॉयल फ्लश न लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, तर त्याच्या दुप्पट डावांनंतरही ती १३ टक्क्यांच्या वर राहते. त्या दरम्यान आठ-पाच यंत्र तासाला ३५ ते ४० डॉलर गिळत राहते. शिवाय जॅकपॉट दुसऱ्याच कोणाला लागला की मीटर १,००० वर उतरते आणि बसून राहण्याचे कारणच संपते. या अडचणीवर तोडगा म्हणून नेवाडात संघ निघाले. मीटर लाभाच्या रेषेपलीकडे गेले की संघाचा प्रमुख आपली माणसे पाठवून रांगेतील शक्य तितक्या खुर्च्या अडवी, खेळणाऱ्यांना तासावर पगार देई, भांडवल पुरवी, पाळ्या लावून रात्रंदिवस खेळ चालू ठेवी, आणि जॅकपॉट कोणाच्याही यंत्रावर लागला तरी रक्कम संघाच्या खाती जमा होई. खुर्चीवर बसलेला माणूस अशा रीतीने जुगारी उरला नाही, तो रोजंदारीवरचा कामगार झाला. जोखीम ज्याची, नफाही त्याचाच, हा जुना व्यापारी न्याय पत्त्यांच्या पडद्यासमोरही लागू झाला.

कॅसिनोंना हे संघ नकोसे होते, आणि अनेक ठिकाणी संघ करून खेळण्यास मनाई असल्याचे फलक लागले. वास्तविक गणिताने पाहता जॅकपॉट कोणी नेला याने कॅसिनोच्या सरासरी उत्पन्नात फारसा फरक पडत नव्हता. मीटरवर चढलेली रक्कम ही खेळाडूंनीच भरलेली असते. नेवाडाच्या नियमांप्रमाणे फलकावर दाखवलेला आकडा मनाला येईल तसा कमी करता येत नाही आणि वाढीव रक्कम खेळाडूंपर्यंत पोहोचवावीच लागते. १,००० डॉलरपासून २,२०० पर्यंत मीटर चढवण्याचे काम ज्यांनी केले ते सहलीला आलेले, सुट्टीच्या दिवशी शंभर डॉलर घेऊन बसलेले, शेजारच्या वस्तीतून कामावरून सुटल्यावर आलेले लोक होते. संघ मात्र खेळ फायद्याचा झाल्यावरच येऊन बसे. संघांबद्दल कॅसिनोंच्या रागाचे खरे कारण असे, की खुर्च्या अडल्या की हे सामान्य गिऱ्हाईक उभे राहून परत जाई, आणि दुसऱ्या दिवशी येईनासे होई. जाणकारांनी कॅसिनोला हरवले, ही आख्यायिका या हिशेबापुढे टिकत नाही. त्यांनी अजाण खेळाडूंनी मागे सोडलेले पैसे गोळा केले, आणि कॅसिनोने दोघांकडूनही आपला वाटा घेतला.

या साऱ्या गणिताचा पाया म्हणजे यंत्र प्रामाणिक आहे हा विश्वास, आणि त्यालाही एकदा जबर धक्का बसला. अमेरिकन कॉइन या लास व्हेगासमधील कंपनीच्या व्हिडिओ पोकर यंत्रांत मोठे हात येऊच नयेत अशी तजवीज केलेल्या चिप बसवल्याचे १९८९ साली नियामक मंडळाला आढळले, आणि कंपनीला परवाने गमवावे लागले. त्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पुढील वर्षी आपल्या घराबाहेर गोळ्या घालून मारला गेला. ब्रुकलिनच्या यंत्रात दश्शी आणि गुलाम गाळण्यात आले होते, त्याच हेतूने जवळजवळ शंभर वर्षांनी संगणकातून रॉयल फ्लश गाळला गेला. फरक इतकाच, की आता ते कायद्याने गुन्हा ठरले होते. रणनीतीची सगळी पुस्तके ज्या नियमावर उभी होती तो नियम कागदावर असून भागत नाही, त्याच्यामागे चिप काढून तपासणारा निरीक्षक असावा लागतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

खेळात कौशल्याचा अंश आला की तो जुगार राहतो का, हा प्रश्न भारतीय वाचकालाही अपरिचित नाही. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती जुगारापासून वेगळी मानली, तर गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट दिली. व्हिडिओ पोकरचा अनुभव या चर्चेला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो. कौशल्याने येथे तोटा निश्चितपणे कमी होतो आणि क्वचित नफाही होतो. पण कौशल्य असलेल्याला जो लाभ होतो तो कौशल्य नसलेल्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, म्हणून केवळ कौशल्याचा अंश दाखवून खेळ निरुपद्रवी ठरत नाही.

पुढच्या काळात कॅसिनोंनी हाच उघडा तक्ता आपल्या बाजूने वापरला. फुल हाउसला ७ आणि फ्लशला ५, पुढे ६ आणि ५, असे तक्ते सर्रास दिसू लागले, आणि सहा-पाचचा परतावा तर ९५ टक्क्यांच्या आसपास येतो. अशा यंत्रावर बरोबरी साधण्यासाठी मीटरला इतके चढावे लागते की त्याआधीच कोणाला तरी रॉयल फ्लश लागून जातो. मानवशास्त्रज्ञ नताशा डाव शूल यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ॲडिक्शन बाय डिझाइन’ या ग्रंथात लास व्हेगासच्या स्थानिक रहिवाशांचा दीर्घ अभ्यास मांडला, आणि त्यातून दिसते ते असे, की या यंत्रासमोर तासन्‌तास बसणाऱ्या अनेकांना अखेरीस जिंकण्याचीही आस उरत नाही, खेळ थांबू नये एवढीच इच्छा राहते. एका जोडीवर पैसे परत देऊन खेळ लांबवण्याची १९८० च्या सुमारास केलेली सोय किती खोलवर परिणाम करून गेली, हे त्यावरून उमगते.

म्हणून प्रोग्रेसिव्ह व्हिडिओ पोकरच्या रणनीतीचे मोल ठरवताना तिचा पहिला नियम शेवटपर्यंत ध्यानात ठेवावा लागतो. कोणते पत्ते राखावेत, जोडी कधी मोडावी, किती नाणी लावावीत, हे सर्व नियम दुय्यम आहेत. मीटर रेषेच्या खाली असताना बसू नये, हा मुख्य नियम आहे, आणि फलक जवळजवळ नेहमीच त्या रेषेच्या खाली असतो. ज्यांनी हा नियम पाळला त्यांच्याकडे भांडवल होते, माणसे होती आणि आठवडेच्या आठवडे तोटा सोसण्याची ताकद होती. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांच्यासाठी त्याच पुस्तकांतून निघणारा प्रामाणिक सल्ला उठून जाण्याचाच होता. नेवाडाच्या नियामकांनी यंत्राला खरा कॅट वापरायला लावला, हे त्यांचे मोठे काम. पण तक्ता वाचायचा कसा, हे शिकवण्याची जबाबदारी कोणावरच टाकली गेली नाही, आणि वाचता येणारे व न येणारे यांच्यातील तेवढ्या अंतरावर एक संपूर्ण व्यवसाय उभा राहिला.